हातभर शेपूट

गाडीला शेपूट असू नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो. विमा कंपनीच्या कचेरीत या विषयावर जेवढा ऊहापोह माझ्यासमोर झाला, तेवढा गाड्या बनवणाऱ्यांनीही कधी केला नसेल.

पण आमचे कीर्तनकार बुवा म्हणतात त्याप्रमाणे, पूर्वरंग नीट झाला नाही तर आख्यान रंगत नाही. तेव्हा पूर्वरंग थोडक्यात.

आमच्या आईला कीर्तनाचं वेड आहे. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, टेकडीपलीकडच्या हॉलमध्ये कीर्तन असतं. तिकडे बस जात नाही आणि आईचे गुडघे तिला टेकडी चढू देत नाहीत. म्हणजे गाडी असली तर कीर्तन, गाडी नसली तर घरात भिंतीकडे तोंड करून बसणं. आईला सोडायला जाणं हे माझंही निमित्तच. बुवांनी पेटीवर पहिला सूर धरला, की नगररचना कचेरीत दिवसभर काढलेले नकाशे माझ्या डोक्यातून आपोआप पुसले जातात. तेवढा वेळ मी कुठल्याच प्लॉटची हद्द आखत नाही.

अडचण एकच होती. आमची जुनी छोटी गाडी टेकडी चढताना इंधन प्यायची नाही, ढोसायची. शेवटी बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "अहो, एक तर कीर्तन एकाआड एक आठवडा करा, नाही तर त्या गाडीला कमी प्यायला शिकवा."

कीर्तन एकाआड एक? म्हणजे आख्यानाचा पहिला भाग ऐकायचा आणि पुढच्या वेळी तिसरा? मी दुसरा पर्याय स्वीकारला.

मी वाचलं, अभ्यास केला, आकृत्या काढल्या. गाडीचा खरा शत्रू वारा. तो पुढून अडवतो, खालून धरतो आणि मागे भोवरा करून ओढत बसतो. पुढची जाळी मी बंद केली, इंजिनापुरती फट ठेवून. पोटाखाली पत्रा लावला. चाकांच्या खोलगट भागात वारा घुसू नये म्हणून चारी चाकांवर स्टीलच्या पराती बसवल्या. दोन आमच्याच होत्या, दोन समोरच्या वहिनींकडून 'जरा हव्यात' म्हणून आणलेल्या. त्या 'जरा'ची मुदत आम्ही ठरवली नव्हती.

आणि मागे शेपूट. छताच्या उतारावरून निघून निमुळतं होत जाणारं, हातभर लांब. त्यासाठी प्लॅस्टिकचा जाड फळा भंगारवाल्याकडून आणला. एका दंतवैद्याने दवाखाना बंद केल्यावर तिथली पाटी भंगारात गेली होती, तीच ही. मी ती कापली, वाकवली, जोडली आणि वर करडा रंग मारला. नकाशे काढणाऱ्याचा हात. रेघ कुठे हलली असेल तर दाखवा.

गाडी चक्क कमी प्यायला लागली. पूर्वी भरलेली टाकी घाईतल्या पाहुण्यासारखी असायची, आता ती मुक्कामाला राहू लागली. पण जगाला परिणाम दिसत नाही, शेपूट दिसतं. वरच्या मजल्यावरचे काका हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पार्किंगच्या पट्ट्याबाहेर येतंय. लेखी परवानगी घेतलीत?" माझ्या मेव्हण्याकडे खोलीएवढी मोठी गाडी आहे. तो म्हणाला, "भाऊजी, मासा छान झालाय. पाण्यात कधी सोडणार?" तेव्हापासून गाडीचं नाव मासा पडलं. बायकोही फोनवर सांगायची, "हे मासा घेऊन गेलेत."

सगळ्यात लागलं ते आईचं. पहिल्याच आठवड्यात, हॉल दिसायच्या आधीच्या वळणावर ती म्हणाली, "इथेच थांबव रे. तेवढे पाय मोकळे होतील."

"गुडघे?"

"आज बरे आहेत."

दर कीर्तनाच्या दिवशी गुडघे बरे व्हायला लागले. हॉलच्या दारात उभ्या असलेल्या बायकांना मासा दिसू नये म्हणून आई वरच्या वळणावर उतरायची आणि भिंतीला हात टेकत टेकत खाली जायची. मीही गाडी तिथेच, वरच्या गल्लीत लावायचो. मुलाने आईसाठी गाडीला पंख लावावेत आणि आईने ती गाडी लपवावी, हे दुःख कुणाला सांगणार? मी ते बुवांच्या पेटीच्या सुरात सोडून द्यायचो.

आता आख्यान.

त्या संध्याकाळी अंधारून आलं होतं. मी मासा नेहमीच्या जागी लावला. तोंड उताराकडे, हँडब्रेक खेचलेला. आम्ही आत जाऊन बसलो, बुवा रंगात आले. इकडे वरच्या गल्लीत कुणाचं तरी घरसामान घेऊन एक ट्रक रिव्हर्स येत होता. ट्रकच्या मागे उभा राहून एक जण हात हलवत ओरडत होता, "येऊ दे... येऊ दे... अजून हातभर आहे, येऊ दे!"

तो हातभर म्हणजे माझं शेपूट.

नंतर मी त्याला जाब विचारला. तो माझ्यापेक्षा जास्त दुखावलेला होता. "साहेब, मी जन्मभर हेच काम करतोय. काच संपली की गाडी संपते. सगळ्यांची संपते. तुमची पुढेही चालूच, त्याला मी काय करू? आणि रंग दिलाय रस्त्याचा!"

ट्रकने शेपटाला मागून असा धक्का दिला की हँडब्रेकने हात टेकले आणि मासा निघाला. आणि इथे, एवढ्या दुःखातही, मला एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. दुसरी कुठलीही गाडी असती तर दहा पावलांत अडखळली असती. माझी गाडी अडखळली नाही. वाऱ्याला तिच्यात धरायला जागाच नव्हती. एक थेंबही न जाळता, आवाज न करता, हंसासारखी ती उतारावरून खाली गेली, वळण नसलेल्या ठिकाणी वळली नाही, आणि हॉलच्या बरोबर दारासमोर विजेच्या खोक्याभोवती बांधलेल्या भिंतीवर जाऊन आदळली. जी गाडी आई दारात आणू देत नव्हती, ती स्वतःच्या पायांनी दारात आली.

हॉलमधले दिवे गेले. लाउडस्पीकर गप्प झाला. बुवांची तान तेवढी अंधारात एकटीच वर जात राहिली. मग बाहेरून खण्ण असा आवाज आला, आणि एक परात दारातून घरंगळत आत आली, बुवांच्या समोर येऊन भोवऱ्यासारखी फिरत राहिली, आणि झांजेगत झणझणत शांत झाली. आयुष्यात एवढी अचूक समेवर आलेली परात मी पाहिलेली नाही.

सगळे बाहेर धावले. देवाची कृपा म्हणजे कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. गाडीचं तोंड मात्र पार आत गेलं होतं, जणू तिला कुणी काहीतरी लागेल असं बोललं होतं. फोनच्या उजेडात बुवांनी विचारलं, "कुणाची हो ही गाडी?"

आई माझ्या शेजारीच उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती शेजारच्या बाईला म्हणाली, "कुणास ठाऊक बाई. काय काय लावून फिरतात लोक!"

बुवांनी हातातली परात उजेडात धरली आणि तिच्यावर कोरलेलं आमचं आडनाव खणखणीत आवाजात वाचलं.

"आडनावं काय," आई म्हणाली, "पुष्कळांची असतात."

मी पुढे झालो आणि गाडी माझी असल्याचं सांगितलं. त्या क्षणी मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं त्या गाडीलाही वाटलं नसेल.

ट्रकवाला 'मालकाशी बोला' म्हणून गेला. मालक 'विम्याशी बोला' म्हणाला. माझ्या विम्याच्या लोकांनी सर्वेअर पाठवला. गॅरेजमध्ये तो आला तेव्हा त्याचा एक गाल लिंबाएवढा सुजलेला होता आणि डोक्याभोवती मफलर. तो बोलत नव्हता, फक्त बोट दाखवायचा आणि कण्हायचा. तोंड पाहिलं, कण्हला. इंजिन पाहिलं, कण्हला. मागच्या बाजूला आला आणि थांबला. इतका वेळ थांबला की माझी छाती अभिमानाने भरून आली. म्हटलं, शेवटी एक तरी जाणकार भेटला. त्याने फोटो काढले, काहीतरी टिपून घेतलं आणि घाईघाईने निघून गेला.

तो काय पाहत होता हे तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं. ट्रकच्या घासण्याने वरचा करडा रंग निघाला होता आणि शेपटावर, लाल ठसठशीत अक्षरांत, उगवलं होतं: 'येथे वेदना न होता दात काढून मिळतील'. खाली पत्ता.

कंपनीचं उत्तर आलं. गाडी भंगारात जमा, हे मान्य. पण भरपाई नामंजूर. कारण गाडीचा विमा खाजगी वापरासाठी होता आणि गाडी धंद्याच्या जाहिरातीसाठी फिरवली जात होती.

मी कचेरीत धावलो. खिडकीपलीकडच्या मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांच्या चष्म्यातून माणूस दिसायच्या आधी नियम दिसायचा.

"मॅडम, मी दातांचा धंदा करत नाही. मी नकाशे काढतो."

"मग दात कोण काढतं?"

"कुणीच काढत नाही!"

"गाडीवर तर लिहिलंय."

"ते म्हणजे... ती जुनी पाटी होती. मी तिचं शेपूट केलं."

"शेपटाला आमची हरकत नाही," मॅडम समजुतीने म्हणाल्या. "शेपटाचा आमच्याकडे रकानाच नाही. जाहिरातीचा आहे."

बातमी घरी माझ्या आधी पोचली. काका वरून उतरले. "अपील करा. मी मसुदा करून देतो. पण भाषा कडक हवी. 'उपरोक्त' हा शब्द निदान दर ओळीत एकदा आला पाहिजे." समोरच्या वहिनी म्हणाल्या, "त्या दंतवैद्याकडूनच वसूल करा की, त्याची फुकट जाहिरात झाली. आणि माझ्या पराती?" मेव्हणा सोफ्यावर पाय पसरून म्हणाला, "भाऊजी, मला वाटतं तुम्ही सरळ दात काढायलाच लागा. नाही तरी तुमच्याशी बोलल्यावर दुखतंच."

आणि मग तो जे बोलला त्याने मला हरवलंच. "मावशींची काळजी करू नका. मी सोडत जाईन कीर्तनाला. माणसाच्या गाडीतून."

आई त्याच्या गाडीतून गेली. मागच्या गाद्यांत ती अशी रुतली होती की काचेतून नुसता अंबाडा दिसत होता. टेकडीच्या मध्यावर ती गाडी फसफसली आणि थांबली. इंधन संपलं होतं. एवढी मोठी गाडी चढाला किती पिते याचा मेव्हण्याने कधी विचारच केला नव्हता. तो डबा घेऊन पायी खाली गेला. आई गाद्यांत बसून राहिली, दाराची कळ कशी उघडते ते तिला कळेना. ती पोचली तेव्हा शेवटचा गजर चालू होता.

घरी आल्यावर पदर डोक्यावरून खाली घेत ती एवढंच म्हणाली, "प्रशस्त आहे हो त्याची गाडी. बसायला. जायला नाही."

त्यानंतर मेव्हण्याला दर आठवड्याला नेमकं त्याच वेळी काम निघू लागलं. कीर्तनाच्या संध्याकाळी आई ठरल्या वेळी चांगलं लुगडं नेसायची, पिशवी काखेला लावायची, दाराजवळच्या खुर्चीवर बसायची आणि थोड्या वेळाने पिशवी पुन्हा खिळ्याला अडकवायची. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एकदाही शब्द काढला नाही. दुसरी गाडी घ्यायची तर भरपाई हवी, आणि भरपाई एका दाताच्या मुळाशी अडकली होती.

शेवटी कंपनीच्या साहेबांपुढे सुनावणी लागली. आई म्हणाली, "मी येते."

"तू कशाला?"

"बसून राहीन. नुसतं बसायची सवय झालीये आता."

सुनावणीच्या खोलीत टेबलापलीकडे साहेब, बाजूला मॅडम, आणि कोपऱ्यात तोच सर्वेअर. गाल लिंबावरून मोसंबीवर गेला होता. माझ्याकडे तो असा पाहत होता की जणू त्याच्या दाढेत मीच शिरून बसलोय. काकांचं 'उपरोक्त'बंद अपील माझ्या हातात होतं. साहेबांनी पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं, आणि कागद बाजूला ठेवून पाण्याचा पेला उचलला. गेलंच म्हणा सगळं.

इतक्यात आई उठली आणि कोपऱ्याकडे गेली. "बाळ, दाढ का रे?"

सर्वेअरने मान हलवली. आईने पिशवीतून डबी काढली, डबीतून लवंग. "धर. त्या दाताखाली ठेव आणि हळूच दाब. किती दिवस असा कुढतोयस? कुणाला दाखवलं नाहीस?"

लवंगेने काम केलं. सर्वेअरचा चेहरा सैल पडला, आणि एवढे दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. "दाखवणार कुणाला, आजी? गेलो होतो ना! यांच्याच गाडीवर वाचलं, वेदना न होता दात काढून मिळतील. म्हटलं देव पावला. फोटो काढले, पत्ता घेतला, तडक गेलो. तिथे न्हाव्याचं दुकान! म्हटलं, दंतवैद्य कुठायत? म्हणे, ते केव्हाच गेले लेकीकडे राहायला. आजूबाजूच्या चार दुकानांत विचारलं, सगळे तेच. वर तो न्हावी म्हणतो, आलाच आहात तर केस कापून जा! तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की धडकी भरते."

बुवांनी आख्यानात एक क्षण पेटी थांबवावी आणि सगळ्या सभेला पुढचं आपोआप कळावं, तसं झालं. मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, पण निरूपण काही बसून होत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "जाहिरात कशाला म्हणायचं? जी वाचून गिऱ्हाईक दुकानात पोचतं तिला. या गाडीवरचं वाचून आजवर एकच माणूस गेला. तो तुमच्याच कंपनीचा. आणि त्याला काय मिळालं? न्हावी! जिथे दुकान नाही, दुकानदार नाही, दात काढणारा हात नाही, तिथे धंदा कुठला? आणि धंदाच नाही, तर जाहिरात कशाची?"

आईने सवयीने मान डोलावली. मॅडमनीही डोलावली, मग दचकून थांबल्या.

साहेब सर्वेअरकडे वळले. "तुम्ही प्रत्यक्ष त्या पत्त्यावर गेला होता?"

"गेलो होतो."

"आजूबाजूला चौकशी केलीत?"

"चार दुकानांत!"

"म्हणजे स्थळपाहणी झाली." साहेबांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "मॅडम, हे फार उत्तम झालं. आपल्याच सर्वेअरने, तब्येत बरी नसताना, समक्ष जाऊन सदर धंदा अस्तित्वात नसल्याची खात्री केलेली आहे. मग जाहिरातीच्या रकान्यात 'नाही' घाला."

"आणि शेपूट?" मॅडमनी विचारलं.

"शेपटाला रकाना आहे का?"

"नाही."

"मग ते आपल्याला दिसलेलंच नाही."

भरपाई मंजूर झाली. सर्वेअर माझ्याआधी आईच्या पाया पडला. ती म्हणाली, "आता खरंच जाऊन काढून घे हो. गाड्यांवरचं वाचत बसू नकोस."

मोडकी गाडी कंपनीने नेली. शेपूट तेवढं परत आलं. न दिसलेली वस्तू ठेवायची कुठे, असा त्यांच्यापुढे प्रश्न पडला होता म्हणे. वहिनींना पराती दिल्या, एक जरा पोचलेली. वापरलेलीच, पण धट्टीकट्टी अशी एक छोटी गाडी मी घरी आणली. काकांनी फेरी मारली आणि "पट्ट्याच्या आत आहे" असं प्रमाणपत्र दिलं. मेव्हणाही आला. सगळे आत चहाला गेल्यावर तो मला बाजूला घेऊन, इकडेतिकडे पाहत कुजबुजला, "भाऊजी, ते शेपूट... माझ्या गाडीला बसेल का हो?"

मी त्याला ताबडतोब उत्तर दिलं नाही. अशा क्षणांना माणसाने जरा रेंगाळू द्यावं.

गाडी पाहायला आई शेवटी बाहेर आली. पुढून पाहिली, बाजूने पाहिली, मागे गेली आणि तिथेच थांबली.

"शेपूट कुठाय?"

"आई, ते आता नको म्हटलं. लोक..."

"टेकडी चढायचीय की लोक चढायचेत? लाव."

कीर्तनाच्या दिवशी दुपारी मी शेपूट बसवलं आणि अक्षरांवर पुन्हा करडा रंग दिला. संध्याकाळी आई पुढे बसली, पिशवी मांडीवर. टेकडी अशी गेली की कळलंही नाही. वरच्या वळणाशी माझा पाय सवयीने ब्रेकवर गेला.

"इथे का थांबवतोयस?" आई म्हणाली. "माझे गुडघे दुखतात. दारात ने."

दारात नेहमीच्या बायका उभ्या होत्या. विजेच्या खोक्याची भिंत नवी बांधलेली होती. बायका त्या भिंतीकडे आणि माझ्या गाडीकडे आळीपाळीने पाहत जरा मागे सरल्या. त्यांतल्या एकीने वाकून शेपटाकडे बघत विचारलं, "अगं बाई, पुन्हा तेच! कुणाची हो ही?"

आई उतरली. दार लावायची तिने काही घाई केली नाही. "कुणाची म्हणजे?" ती म्हणाली, आतल्या बुवांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "माझ्या मुलाची! त्याने स्वतः केलंय ते." आणि जाता जाता तिने शेपटावरून असा हात फिरवला, जसा शाळेतून पहिला नंबर घेऊन आलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवतात.

रंग ओला होता. आई तशीच आत गेली. पेटीचा सूर लागला, तिने हात जोडले, आणि तिच्या दोन्ही तळव्यांना माझा करडा रंग लागला.